शिवणयंत्रापासून हिमशिखरापर्यंत : क्लोद कोगन

मंडळाच्या स्मरणिकेत आजवर माझ्या नावावर दोनच गोष्टी छापून आल्या. एकदा कैरीच्या तक्कूची कृती आणि एकदा चैत्राच्या हळदीकुंकवाचा वृत्तांत. यंदाच्या वर्धापनदिनासाठी प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून आणावे असे सभेत ठरले, तेव्हा जिजाबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई ही नावे भगिनींनी पहिल्या पाच मिनिटांतच वाटून घेतली. मला उशीर झाला, कारण त्या दिवशी गॅस संपला होता. म्हणून मी परदेशातली एक बाई निवडली आहे. तिचे नाव आपल्यापैकी फार जणींच्या कानावर आले नसेल. पण साठसत्तर वर्षांपूर्वी युरोपातल्या वर्तमानपत्रांतून ते चांगले गाजत होते.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. इंग्रजी पुस्तक मला वाचता येत नाही. हे चरित्र माझ्या धाकट्या मुलीने मला संध्याकाळी भाजी निवडताना तुकड्यातुकड्याने सांगितले. तिने ते का सांगितले, तेही सांगते. मुलीला डोंगराचे वेड आहे. कळसूबाई झाला, रतनगड झाला, हरिश्चंद्रगड झाला, तोवर आम्ही काही बोललो नाही. पण तिने उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचे अठ्ठावीस दिवसांचे शिक्षण घ्यायचे ठरवले आणि घरात वाद सुरू झाला. २०२२ साली ४ ऑक्टोबरला तेथल्याच शिकणाऱ्या मुलामुलींवर द्रौपदी का डांडा या शिखराच्या उतारावर बर्फाचा लोट कोसळला. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. त्यात सविता कंसवाल ही शिक्षिका होती. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे चढली होती. एवढी तयारीची मुलगी बर्फाखाली गेली, तर आपल्या पोरीचे काय, असा माझा प्रश्न होता. त्यावर मुलीने वाद घातला नाही. आई, तू आधी क्लोद कोगनची हकीकत ऐक, मग काय ते ठरव, एवढेच म्हणाली.

क्लोदबाईंचा जन्म १९१९ साली पॅरिस शहरात झाला. घरची गरिबी होती, म्हणून लहान वयातच शाळा सोडून त्या शिवणकामाला लागल्या. हे ऐकले आणि मला ही बाई आपल्यातली वाटू लागली. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात काज-बटण शिकायला येणाऱ्या मुली काही वेगळ्या घरांतून येत नाहीत. उंची म्हणाल तर पाच फुटांहूनही कमी. गर्दीत उभी राहिली तर दिसायची नाही, अशी बारीकशी बाई.

महायुद्धाच्या काळात त्या फ्रान्सच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या नीस गावी आल्या. तेथे जॉर्ज कोगन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नवराबायकोने मिळून समुद्रस्नानाचे पोशाख शिवण्याचा धंदा काढला. आपल्याकडे तो विषय चारचौघींत बोलायचा नाही. पण त्या गावी समुद्रस्नानाला दूरदूरचे श्रीमंत लोक येतात आणि त्या पोशाखाला बेतशुद्ध हात लागतो, असे मुलगी म्हणाली. कापड ताणले जाणारे, शिवण अंगासरशी, जरा माप चुकले की सगळे वाया. क्लोदबाई स्वतः नमुने काढीत, स्वतः बेतीत. धंदा चांगला चालला. वर्षातले काही महिने दुकान आणि काही महिने डोंगर, असा त्यांचा क्रम होता. नवऱ्यालाही डोंगराचा तितकाच नाद.

१९५१ साली ही जोडी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशी अँडीज पर्वतात गेली. तेथे कितारहू नावाचे सहा हजार मीटरहून उंच शिखर आहे. क्लोदबाई आणि निकोल लेनिन्झे या दुसऱ्या फ्रेंच बाईने ते चढून दाखवले. बरोबर पुरुष कोणी नव्हता. दोघीच दोरीला बांधलेल्या. त्या काळी युरोपातसुद्धा बायकांच्या दोरीच्या पुढच्या टोकाला पुरुष असावा अशीच रीत होती, म्हणून या गोष्टीचा फार बोलबाला झाला.

त्याच वर्षी जॉर्ज कोगन आजारी पडून वारले. क्लोदबाई बत्तीस वर्षांच्या होत्या. आपल्याकडे अशा वेळी बाईचे बाहेर पडणे लोक आधी बंद करतात. त्यांनी दुकान चालू ठेवले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पेरूला जाऊन साल्कान्ताय नावाचे शिखर फ्रेंच व अमेरिकन मंडळींबरोबर चढल्या. त्या शिखरावर त्याआधी कोणाचे पाऊल पडले नव्हते. दुःखावर त्यांनी हा उपाय केला असे कोणी म्हणेल. मला ते ठाऊक नाही. मी आपली घडले तेवढे सांगते.

नंतर त्या आपल्या देशात आल्या. १९५३ साल. मे महिन्यात तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, ते आपल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बर्नार पिएर यांच्या पुढारीपणाखाली एक फ्रेंच तुकडी नुन शिखराकडे निघाली. हे शिखर कारगिलच्या दक्षिणेला आहे, उंची ७,१३५ मीटर. बरोबर आपल्या सैन्यातले व विमानदलातले दोन तरुण अधिकारीही होते. २८ ऑगस्टला माथ्यावर दोनच माणसे पोहोचली. एक पिएर व्हित्तोज नावाचे स्विस धर्मोपदेशक आणि दुसऱ्या आमच्या क्लोदबाई. नुनच्या माथ्यावर माणूस प्रथम पोहोचला त्या दिवशी त्या दोघांत एक शिवणकाम करणारी बाई होती, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती.

आता चो ओयूकडे येते. त्या शिखरासाठी त्या दोनदा गेल्या आणि दुसऱ्यांदा परत आल्या नाहीत.

चो ओयू हे नेपाळ व तिबेटच्या सीमेवरचे शिखर, एव्हरेस्टच्या पश्चिमेला. उंची ८,१८८ मीटर. आठ हजार मीटरवरची शिखरे साऱ्या जगात चौदाच आहेत, त्यांत उंचीने याचा सहावा क्रमांक. १९५४ साली रेमाँ लाम्बेर या स्विस गिर्यारोहकाबरोबर क्लोदबाई हिमालयात आल्या त्या खऱ्या तर गौरीशंकर शिखरासाठी. ते फार बिकट दिसले, म्हणून मंडळी चो ओयूकडे वळली. तेथे आधीच हर्बर्ट टिची यांची लहानशी ऑस्ट्रियन तुकडी होती. १९ ऑक्टोबरला त्यांनी शिखर गाठले. त्यानंतर लाम्बेर आणि क्लोदबाई वर निघाले, तोवर ऑक्टोबर संपत आला होता.

येथे हिमालयातल्या ऋतूंविषयी थोडे सांगायला हवे, नाही तर पुढचे समजायचे नाही. उंच शिखरांवर जायला वर्षात दोनच बऱ्या वेळा असतात. एक पावसाळ्याआधी, चैत्र-वैशाखात. दुसरी पावसाळ्यानंतर, भाद्रपद सरता सरता आणि आश्विनात. आपल्याकडे पाऊस पडतो तेव्हा तेथे वर बर्फ पडतो, म्हणून पावसाळ्यानंतर उतारांवर चार महिन्यांचे नवे बर्फ साचलेले असते. ते बसायला, घट्ट व्हायला वेळ लागतो. पण थांबावे तर दिवस लहान होत जातात, आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर हिवाळ्याचा वारा वरून उतरू लागतो. तो असा की माणसाला उभे राहू देत नाही. म्हणजे लवकर जावे तर बर्फ कच्चे आणि उशिरा जावे तर वारा व थंडी. मधली फट थोड्याच दिवसांची. भर हिवाळ्यात चो ओयू चढून जायला पुढे १९८५ साल उजाडावे लागले. पोलंडच्या लोकांनी ते फेब्रुवारीत केले.

लाम्बेर आणि क्लोदबाई १९५४ साली त्या वाऱ्यात सापडले. सुमारे ७,७०० मीटरपर्यंत ते गेले आणि तेथून मागे फिरले. त्या काळी कोणतीही बाई इतक्या उंचीवर गेलेली नव्हती. पण क्लोदबाईंच्या मनाला ते लागून राहिले असावे. स्वयंपाक सगळा झाला आणि पुरणच तेवढे बिघडले म्हणजे आपल्याला जशी चुटपुट लागते, तसे.

पुढल्या वर्षी, १९५५ च्या २४ ऑक्टोबरला, लाम्बेर, एरिक गोशा आणि क्लोदबाई नेपाळातल्या गणेश हिमालच्या ७,४२२ मीटर उंच शिखरावर पोहोचले. आपल्या गणपतीच्या नावाचे ते शिखर, आणि त्यावर पहिल्यांदा गेलेल्या तिघांत एक बाई. उतरताना गोशा यांचा तोल जाऊन ते गेले. बर्फाच्या उतारावर जायचे तेवढेच यायचेही असते, हे घरी बसून आपल्या लक्षात येत नाही.

चार वर्षांनी त्यांनी बायकांचीच तुकडी चो ओयूवर न्यायची ठरवली. हे १९५९ साल. तोपर्यंत आठ हजार मीटरच्या एकाही शिखरावर बाई पोहोचली नव्हती. तुकडीत बारा जणी होत्या. फ्रान्सच्या, इंग्लंडच्या, स्वित्झर्लंडच्या, बेल्जियमच्या. क्लोदीन व्हान डेर स्ट्राटेन ही बेल्जियमची सरदार घराण्यातली मुलगी, कोलेत लब्रे ही डॉक्टर, मिशलीन राम्बो चित्रपट घेणारी, डोरोथिया ग्राव्हिना ही इंग्रज काउंटेस. आणि या सगळ्यांबरोबर दार्जिलिंगहून आपल्या तेनसिंगच्या दोन मुली, पेम पेम आणि निमा, व त्यांची पुतणी डोमा. मला या तिघींचे फार कौतुक वाटते. बापाने एव्हरेस्ट चढून सहा वर्षे झाली होती. घरी बसून बापाच्या नावावर मिरवता आले असते.

ऑगस्टच्या अखेरीस काठमांडूहून मंडळी पायी निघाली. पाऊस संपलेला नव्हता. सप्टेंबरात डोंगराच्या पायथ्याशी मुख्य तळ पडला, मग एकावर एक असे वरचे तळ. प्रत्येक तळावर तंबू, अन्न, जाळायचे तेल शेर्पांनी पाठीवर वाहून न्यायचे. हवा चांगली होती. महिन्याच्या शेवटी क्लोदबाई, क्लोदीन आणि आंग नोर्बू नावाचा शेर्पा असे तिघे चौथ्या तळावर, सुमारे सात हजार मीटर उंचीवर, जाऊन राहिले. तेथून शिखर दोनच मुक्कामांवर. माझा अंदाज असा की १९५४ ची ती चुटपुट क्लोदबाईंना वर ओढीत असावी. इतर जणी अजून खालीच होत्या, काही आजारी होत्या. थोडे थांबून सगळ्या मिळून गेल्या असत्या तर, असे वाटते. पण मधली फट थोड्या दिवसांची असते हे वर सांगितलेच आहे, आणि ती त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

ऑक्टोबर लागला आणि बर्फ पडू लागले.

मुलीने मला हिमलोट कसा सुटतो ते समजावले, तेही आपल्या परीने मांडते. बर्फ एका दिवशी एक थर, पुढे दुसरा थर, असे साचते. प्रत्येक थर सारखा नसतो. कधी खालच्या थराचे कण साखरेसारखे सुटे राहतात, एकमेकांना धरीत नाहीत. कधी खालचा थर उन्हाने वितळून पुन्हा गोठतो आणि फरशीसारखा गुळगुळीत होतो. त्यावर जाड नवा थर पडला की तेलाच्या पाटावर गोधडी टाकावी तसे होते. पाट आडवा असेल तर काही बिघडत नाही. पाट फार उभा असेल तर गोधडी मुळी टिकतच नाही, थोडी थोडी घसरत राहते. धोका मधल्या उताराला. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर बर्फ साचतेही आणि सुटतेही, आणि गंमत म्हणजे माणसाला चालायला, तंबू टाकायला सोयीचे उतार त्याच्याच आसपासचे असतात. त्यात वारा आला म्हणजे एका अंगाचे बर्फ उडवून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो. पडले एक वीत आणि साचले दोन हात, असे होते. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे मोठी बर्फवृष्टी चालू असताना आणि ती थांबल्यावरचे पहिले एकदोन दिवस. मग वरच्या थरावर माणसाचे पाऊल पडले तरी पुरते. कधी तेही लागत नाही. सबंध चादर एका रेषेत फाटते आणि निघते.

आणि ते बर्फ पिंजलेल्या कापसासारखे मऊ असेल, ही आपली समजूत चुकीची आहे. सुटताना ते हलके असते, पण थांबले की चुन्यासारखे घट्ट बसते. आत अडकलेल्याला बोटसुद्धा हलवता येत नाही. पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर बहुतेक माणसे जगतात. अर्ध्या तासाने फारच थोडी. म्हणजे वाचवणारे तेथेच, शेजारीच असावे लागतात. हल्ली प्रत्येकाच्या अंगावर खूण देणारे छोटे यंत्र बांधतात, बरोबर लांब सळई आणि फावडे देतात, म्हणजे बर्फात खुपसून शोधता येते. १९५९ साली यातले यंत्र नव्हते.

चौथ्या तळावरचे तिघे वर अडकले. आता काय करावे? खाली यावे तर वाटेतला उतार नव्या बर्फाने भरलेला. तेथेच राहावे तर तंबूच्या वरचाही उतार भरत चाललेला. दोन्हीकडे तीच भीती. मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. पाऊस लागला की ओढ्याला पाणी येते आणि पलीकडच्या शाळेतली मुले तिकडेच अडकतात, तेव्हा आपण म्हणतो की तेथेच थांबा, हलू नका. पण ओढा शाळेकडेच वळला तर? ते तिघे थांबले. २ ऑक्टोबरच्या सुमारास वरचा उतार सुटला आणि तंबू त्यातल्या तिघांसकट गेला.

खालच्यांना हे कळले नव्हते. वर गेलेल्यांना उतरवून आणावे म्हणून सरदार वांगदी आणि छोवांग हे दोन शेर्पा वर निघाले. वाटेत त्यांच्यावर दुसरा लोट आला. वांगदी कसाबसा निघाला, त्याचे हात हिमदंशाने गेल्यासारखे झाले होते. छोवांग आतच राहिला.

भगिनींनो, क्लोदबाईंसाठी मला वाईट वाटते, पण छोवांगसाठी जास्त वाटते. क्लोदबाईंना शिखर हवे होते, क्लोदीनला हवे होते. त्या आपल्या इच्छेने गेल्या. छोवांगला शिखराचे काय? तो वर अडकलेल्यांना आणायला गेला. या हकिकतीत दोन बायका गेल्या असे सगळे सांगतात. गेले ते चौघे. आंग नोर्बू आणि छोवांग ही नावे मी मुलीकडून दोनदा विचारून घेतली आणि येथे मुद्दाम लिहिली आहेत.

हवा निवळल्यावर उरलेल्यांनी वर जाऊन पाहिले. तंबू होता तेथे हिमलोटाचे बर्फ होते. पुढारीपण डोरोथियाबाईंनी घेतले आणि सगळ्यांना सुखरूप खाली आणले. क्लोदबाई चाळीस वर्षांच्या होत्या. माझ्याहून लहान.

मग जे व्हायचे तेच झाले. बायकांनी असल्या ठिकाणी जाऊ नये, त्यांची ताकद ती काय, असा सूर निघाला. स्टीफन हार्पर हा इंग्रज बातमीदार तुकडीच्या मागे गेला होता. त्याने पुढे पुस्तक लिहिले, त्याचे नावच बायकांना मारणारे शिखर अशा अर्थाचे ठेवले. मला याचा राग येतो आणि तो का येतो ते सांगते.

१९२२ साली एव्हरेस्टवर मॅलरी आणि त्याचे सोबती नव्या पडलेल्या बर्फातून ७ जूनला वर निघाले. उतार सुटला आणि मागे येणारे सात हमाल गेले. तुकडीतले सगळे पुरुष होते. १९३७ साली नंगा पर्बतवर एक जर्मन तुकडी होती. तिच्या चौथ्या तळावर माणसे रात्री तंबूत झोपली असताना वरून लोट आला. सात जर्मन आणि नऊ शेर्पा, सोळा माणसे झोपेतच गेली. नंतर त्यांना खणून काढले, तेव्हा घड्याळे मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने बंद पडलेली होती म्हणतात. तेथेही चौथाच तळ, तेथेही बर्फच. तेव्हा पुरुषांनी डोंगरावर जाऊ नये, त्यांची ताकद ती काय, असे कोणी लिहिले नाही. चूक झाली असेल तर तंबू कोठे टाकला, कधी थांबले, कधी निघाले यात झाली. साडी नेसणे किंवा लुगडे नेसणे याचा बर्फाशी संबंध नाही, असे मी घरी म्हटले तर यजमान हसले. पण मग गप्प बसले.

आमच्या आळीतल्या एक वयस्क काकू मला म्हणाल्या की मूलबाळ नव्हते म्हणून ती बाई अशी हिंडली. क्लोदबाईंच्या घरच्या गोष्टी मला ठाऊक नाहीत आणि त्यावर मी काही बोलणार नाही. पण डोंगरावर मुलेबाळे असलेले बाप आजही जातात. त्यांना कोणी हिशेब विचारीत नाही.

हेही खरे की क्लोदबाईंच्या मरणाने बायका थांबल्या नाहीत. डोरोथियाबाई १९६२ साली पुन्हा बायकांची तुकडी घेऊन नेपाळात गेल्या. ४ मे १९७४ ला तीन जपानी बायका मनास्लूच्या माथ्यावर पोहोचल्या. आठ हजार मीटरवर गेलेल्या त्या पहिल्या. त्याच तुकडीतली एक जण पुढे दुसऱ्याच दिवशी पडून गेली. १९७५ साली जुन्को ताबेई एव्हरेस्टला निघाल्या तेव्हा तळावरच हिमलोटाखाली गाडल्या गेल्या होत्या. शेर्पांनी ओढून बाहेर काढले, आणि बारा दिवसांनी त्या माथ्यावर होत्या. आपल्या बचेंद्री पाल यांच्या तळावरही १९८४ च्या मे महिन्यात मध्यरात्री लोट आला. काही जण जखमी होऊन खाली गेले, बचेंद्रीताई राहिल्या आणि २३ मे रोजी शिखरावर पोहोचल्या. त्या उत्तरकाशीकडच्याच. त्यांचे नाव तर आपल्या मंडळाच्या भिंतीवरही लावलेले आहे.

आणि त्याच महिन्यात, १३ मे १९८४ ला, व्हेरा कोमार्कोवा आणि दीना श्टेर्बोवा या दोघी चो ओयूच्या माथ्यावर पोहोचल्या. त्या शिखरावर गेलेल्या पहिल्या बायका. क्लोदबाईंना जाऊन तेव्हा चोवीस वर्षे झाली होती.

सगळे ऐकून झाल्यावर मी मुलीला तीनच प्रश्न विचारले. महिना कोणता, उतार किती अंशाचा आणि बर्फ पडले तर तुम्हाला थांबवणार कोण. महिना मे, असे तिने सांगितले. उतार मोजायचे छोटे साधन असते, ते तिने मोबाईलवर दाखवले आणि आमच्या जिन्याला लावून पाहिले. तिसऱ्याचे उत्तर तिला लगेच देता आले नाही. शिक्षक थांबवतील, म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, आणि मी स्वतः. अर्जाबरोबर आईवडिलांच्या सहीचा एक कागद लागतो. त्यावर माझी सही झाली आहे. यजमानांची व्हायची आहे, ते दिवाळीनंतर बघू म्हणतात.